शनिवारचा शब्द

सर, शनिवारचा शब्द अजून मुलांकडेच आहे. तुम्ही तो फळ्यावर लिहिलात, हातावरचा खडू झटकलात, "सोमवारी विचारतो" म्हणालात आणि रविवारी सकाळी अंगणातल्या मोगऱ्याला पाणी घालता घालता गेलात. पाइप तसाच चालू राहिला होता, असं भाभी सांगत होत्या. सोमवारी क्लासला कुलूप होतं. मुलांचे मेसेज येत होते, मॅडम, शब्द कुणाला सांगायचा? मी उत्तर दिलं नाही. क्लासमधली कुठलीही गोष्ट तुम्ही कधी अर्धी सोडली नाहीत. हीच एक सोडलीत आणि तीही माझ्या गळ्यात घालून गेलात.

रडू आलं का, असं सगळे विचारतात. रडायलासुद्धा अंगात त्राण लागतं. मी दमलेय सर. तुम्ही गेलात म्हणून आणखी दमले, पण दमलेली आधीपासूनच होते आणि ते तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. तो जिना, खाली चष्म्याचं दुकान, वर आपली लांबट खोली, उन्हात तापणारे पत्रे. दिवाळीतच मी तुम्हाला म्हटलं होतं की आता बास करू. मुलं फोनवर शिकतात, आपल्याकडे येतात ती फक्त ज्यांना घरी शांतपणे बसायला जागा नाही ती. माझा घसा बसलाय, तुमचे गुडघे वाजतात. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात आणि नेहमीचं वाक्य टाकलंत, "ही बॅच होऊ द्या, मॅडम." दर वर्षी हेच. तुमची ती शेवटची बॅच काही संपायचीच नाही.

आपला क्लास म्हणजे काय होतं, ते मला एकदा नीट आठवून बघायचंय. बारावीनंतर कायद्याला नाहीतर मॅनेजमेंटला जायचं म्हणणारी मुलं, त्यांची प्रवेश परीक्षा, आणि त्या परीक्षेतलं इंग्रजी. कॅम्पातून येणारी मुलं फौजींची. बापाच्या बदल्यांबरोबर देशभर हिंडलेली, फाडफाड बोलणारी. निफाड, सायखेड्याहून एसटीनं येणारी मुलं पहिला महिनाभर तोंडच उघडायची नाहीत. पण फळ्यावर 'ऑबसीक्विअस', म्हणजे लाळघोट्या, आला की दोघांचेही चेहरे सारखेच पडायचे. इंग्रज लोकसुद्धा आपापल्या घरात बोलत नसतील असे शब्द आपण या पोरांना शिकवत होतो.

व्याकरण आणि उतारे माझ्याकडे, शब्द तुमच्याकडे. मी तुमच्या जागी असते तर पाठ करा, चाचणी द्या, चुकलं की परत पाठ करा, एवढंच केलं असतं. तुम्ही शेवटची पंधरा मिनिटं घ्यायचात आणि रोज एकच शब्द द्यायचात. अर्थ मराठीत सांगायचात, हिंदीत सांगायचात आणि म्हणायचात, "घरी न्या." घरी न्यायचा म्हणजे संध्याकाळभर घरातल्या नाहीतर गल्लीतल्या माणसांकडे तो शब्द मनात धरून बघायचं. ज्याला तो नेमका बसेल त्याच्यावर टाकायचा. त्या माणसाला सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारणार, "कुणावर पडला?" आणि मुलानं उभं राहून सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न, "पुरावा?"

हा 'पुरावा' मला पहिल्यापासून आवडायचा नाही. पंधरा मिनिटांचा त्यात अर्धा तास व्हायचा. अमक्याची मावशी, तमक्याचा शेजारी, कुणाचा कुत्रा. वर्गात नुसता हशा. मी बाजूच्या टेबलावर पेपर तपासत चरफडत बसायचे. एकदा तुम्ही म्हणालात, "मॅडम, तुमचे शब्द मुलांना परीक्षेपर्यंत पुरतात. माझे परीक्षेनंतर उरतात." मी म्हटलं, "आधी परीक्षा पास होऊ द्या, मग उरवा." त्यावर तुम्ही हसलात. तुमचं एक बरं होतं, वाद हरायची वेळ आली की तुम्ही हसायचात.

प्रतीक्षाचे चुलते आले तो दिवस आठवतो का? 'पार्सिमोनियस' दिला होता तुम्ही, म्हणजे चिक्कू माणूस. सायखेड्याच्या प्रतीक्षानं तो चुलत्यांवर टाकला. पुरावा विचारल्यावर म्हणाली, "संपलेली टूथपेस्ट लाटण्यानं लाटतात, सर." वर्ग हसत सुटला. एसटीतून ती गोष्ट तिच्याआधी गावात पोचली आणि दुसऱ्या दिवशी चुलते मोटरसायकल काढून थेट वर.

"तुम्हीच का ते सर? आमच्या पोरीला घरच्या माणसांना नावं ठेवायला शिकवता म्हणं?"

"बसा काका."

"बसायला नाय आलो मी."

"बरं, उभ्यानं सांगा. लाटण्यानं पेस्ट काढता का?"

"काढतो. मग काय, टाकून द्यायची?"

"मग पोरगी खोटं बोलली नाही. पुरावा दिला तिनं." तुम्ही इतक्या शांतपणे म्हणालात की मला वाटलं आता हा माणूस तुमची कॉलर धरणार. तुम्ही पुढे विचारलंत, "हिला इथं शिकायला कुणी पाठवलं? वडिलांनी?"

"त्याचं काय नाव काढता. तो नगंच म्हणत होता. पोरगी एसटीनं एकटी कशी जाईल म्हणून लय कटकट केली. मी म्हणलं, जाऊ दे तिला, स्टँडवर मी सोडीन."

तुम्ही प्रतीक्षाकडे वळलात. "चुलत्यांवर आज दुसरा शब्द टाक. 'मॅग्नॅनिमस'. मोठ्या मनाचा."

चुलते संशयानं बघत राहिले. "हा चांगला हाय का?"

"चांगला आहे."

"मग पहिला खोडा."

"पहिलाही राहू द्या काका. एका माणसाचं एका शब्दात भागत नाही."

ते बसले, चहा प्यायले आणि त्या मोसमात स्वतः येऊन द्राक्षांची पेटी ठेवून गेले. मी निफाडची, द्राक्षांत वाढलेली, मला त्या पेटीचं काय अप्रूप. पण जाताना ते जिन्यावर 'मॅग्नॅनिमस' घोकत होते, ते मला आत ऐकू आलं. त्या दिवशी मी तुमच्याशी वाद घातला नाही. एखाद्या दिवशी मलाही सुट्टी हवी असते.

खरा वाद वेगळाच होता. तो कित्येक वर्षं चालला आणि मिटला नाही, म्हणून हे सगळं लिहितेय.

शब्दांच्या यादीत काही शब्द तुम्ही कधीच घरी न्यायला द्यायचा नाहीत. 'बिरेफ्ट', 'फोरलॉर्न', 'डेस्टिट्यूट' अशी ती सगळी दुःखाची, एकटेपणाची मंडळी. ते आले की तुम्ही पुढच्या शब्दावर उडी मारायचात. त्याला कारण आपल्या एका जुन्या बॅचमधली मनीषा होती. त्या वर्षी ती पावसाळा संपता संपता उशिरा आली होती, कुणाशी बोलायची नाही. तुम्ही त्या दिवशी 'बिरेफ्ट' दिलात. म्हणजे ज्याचं जवळचं कुणी हिरावून नेलंय असा, पोरका. दुसऱ्या दिवशी मनीषा आली नाही. नंतरचे बरेच दिवस आली नाही. मग एक दिवस येऊन जागेवर बसली आणि तुम्ही सवयीनं विचारलंत, "तुझा कुणावर पडला होता?" ती उभी राहिली. म्हणाली, "सर, तो शब्द आमच्या घरात आधीच होता. पप्पा उन्हाळ्यात गेले. मी नुसती मम्मीकडे बघत बसले." तुम्ही त्या दिवशी पुरावा मागितला नाहीत. शब्दही दिला नाहीत. वर्ग सुटल्यावर मला म्हणालात, "हे शब्द आपण द्यायचे नसतात. ज्याचे त्याला घरपोच होतात."

मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटलंय असं म्हणणार नाही. पेपर काढणारा माणूस मुलांच्या घरात डोकावून बघत नाही सर. 'बिरेफ्ट' त्याच्या यादीत असतो, तो विचारतो. तुम्ही गाळलेले ते शब्द दर वर्षी मी शेवटच्या दिवशी दहा मिनिटांत कोंबायचे. मुलं घोकायची आणि सराव चाचणीत नेमके तेच चुकायची. मला चीड यायची. सगळे शब्द तुम्ही माणसांत नेऊन सोडले आणि जे सगळ्यात जास्त माणसांतले, तेच तुम्ही पोरांपासून लपवले, असं मी तुम्हाला किती वेळा म्हटलं असेन. तुम्ही म्हणायचात, "सतरा वर्षांची आहेत, मॅडम. थोडे दिवस लपू द्या."

शनिवारी जिन्यावर पुन्हा तेच झालं. कुलूप लावताना मी म्हटलं, या वेळी मी शेवटच्या दिवशी घोकून घेणार नाही, तुम्ही नीट शिकवा. तुम्ही कठड्याला धरून उतरत होतात. थांबलात. मला वाटलं हसणार, पण हसला नाहीत. "ठीक आहे," म्हणालात, "तुम्हीच द्या. पण नीट द्या, घरी न्यायला. मी मागच्या बाकावर बसून ऐकतो." मी म्हटलं, "बसाल ना नक्की? का फोन आला म्हणून बाहेर जाल?" तर म्हणालात, "बसतो म्हटलं ना." खाली चष्मेवाल्याला सलाम करून तुम्ही कॅम्पच्या बसकडे गेलात. मी एवढ्या वर्षांनी वाद जिंकले होते आणि घरी जाऊन मस्तपैकी खिचडी टाकली.

रविवारी मुलांनीच मला कळवलं. मी पोचले तेव्हा तुमच्या गल्लीत माणसं दाटली होती. आपल्या वर्गातला ओंकार डोक्याला रुमाल बांधून तुमच्या खांदेकऱ्यांत होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी बाजूला हो असंही म्हटलं नाही. पोरं कबरस्तानापर्यंत गेली. आम्ही बायका मागे. प्रतीक्षा माझ्याजवळ उभी होती. दोघी नुसत्या गल्लीच्या तोंडाकडे बघत राहिलो.

तिसऱ्या दिवशी भाभींना भेटायला गेले. बायका आत कुराण पढत बसल्या होत्या. भाभींनी मला जवळ बसवून घेतलं, पाणी दिलं. तुमचा चष्मा खिडकीत होता. मी विचारलं, सर घरी माझ्याबद्दल काही बोलायचे का? विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं. भाभी म्हणाल्या, "बहुत बोलते थे. कहते थे, मॅडम को सारे लफ्ज आते हैं, बस आराम करना नहीं आता." आणि त्या हसल्या, मग रडल्या, मग बाजूच्या बाईनं त्यांना धरलं. म्हणजे माझी तक्रार घरी करत होतात तर. समोर म्हणाला असतात तर मी चांगलं तिखट उत्तर दिलं असतं. आता ते उत्तर कुठे ठेवू?

तुम्हाला मी कधी सांगितलं नाही असं बरंच आहे. तुम्ही त्या पंधरा मिनिटांत मुलांना घरच्या माणसांकडे बघायला लावायचात, तेव्हा पेपर तपासता तपासता मीही बघायचे. आमच्या दादावर 'टॅसिटर्न' पडला, अबोल. मग तो रागीट आहे असं मला वाटेना, नुसता कमी बोलतो असं वाटायला लागलं. बरीच वर्षं अडलेलं आमचं बोलणं त्यानंतर जरा सुरू झालं. हे तुमच्या पद्धतीमुळे झालं आणि तुम्हाला सांगितलं तर तुम्ही महिनाभर मिरवाल म्हणून गप्प बसले. सांगायला हवं होतं. मिरवला असतात तरी चाललं असतं.

मुलांना मेसेज टाकून काल मी क्लास उघडला. उघडला तो बंद करण्यासाठीच, हे तुमच्यापासून काय लपवायचं. बसमध्ये वाक्यं जुळवून ठेवली होती. परीक्षा जवळ आलीय, उरलेल्या याद्या फोनवर पाठवते, शंका असली तर विचारा, आपापला अभ्यास करा. खाली जिन्यापाशी प्रतीक्षाचे चुलते मोटरसायकल लावून उभे होते. पोरीला एसटीच्या भरवशावर न सोडता स्वतः घेऊन आले होते.

"मॅडम, सर गेले, लय वाईट झालं," ते म्हणाले. मग विचारलं, "क्लास बंद करता काय?"

"बघू काका. मी एकटी आहे आता. झेपत नाही."

"पोरगी रोज इचारती. मी म्हणलं, मॅडमलाच इचारू." ते मोटरसायकलच्या आरशाकडे बघत होते. "तिचा बाप म्हणतो, सर नाय तर आता कशाला जाती. हे बंद झालं ना, तर तिला परत कुठं जाऊ देणार नाय तो. मग माझं बी काही चालणार नाय."

मी वर गेले. दाराशी सगळी उभी होती. कॅम्पातली, निफाडची, एरवी शनिवारीच उगवणारीसुद्धा. मी कुलूप काढलं. आत तुमची खुर्ची होती तिथेच, तिच्या पाठीवर तुमचा खडू पुसायचा फडका. फळ्यावर शनिवारचा शब्द तसाच होता, कुणी पुसला नव्हता. 'इनडिफॅटिगेबल'. कधी न थकणारा. तो लिहिताना तुम्ही तिरक्या नजरेनं माझ्याकडे बघितलं होतंत आणि मी म्हटलं होतं, असा माणूस जगात नसतो, कशाला पोरांना भलत्याच्या शोधात पाठवता.

जुळवलेली वाक्यं तोंडातून निघेनात. मी खडू घेतला आणि विचारलं, "कुणावर पडला?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग ओंकार उठला. म्हणाला, आमच्या म्हशीवर, ती बारा महिने चरते. कुणी हसलं नाही, मग एक हसलं, मग सगळे. एका फौजीच्या मुलीनं आईवर टाकला होता, बाबा सरहद्दीवर असताना ती एकटी सगळं करते म्हणून. एकानं शेजारच्या कुत्र्यावर. मी प्रत्येकाला पुरावा विचारत गेले. मला ते तुमच्यासारखं जमत नाही. मी विचारलं की पोलीस चौकीत आल्यासारखं वाटतं. पण मुलांनी चालवून घेतलं.

मग मी फळा पुसला आणि लिहिलं, 'बिरेफ्ट'.

का लिहिलं ते सांगता येणार नाही. वाद जिंकले होते म्हणून असेल. शनिवारी ठरलं होतं म्हणून असेल. मी अर्थ सांगितला, जवळचं कुणी हिरावून नेलेला, पोरका. नीट सांगितला, तुम्ही म्हणाला होतात तसा. आवाज फाटला, पण तो आता नेहमीच फाटतो. आणि म्हटलं, "घरी न्या. उद्या विचारीन."

वह्यांवर पेनं चालेनात. प्रतीक्षा उभी राहिली.

"मॅडम, हा घरी नाय न्यायचा."

"का?"

"हा इथंच पडलाय."

आणि सर, काय झालं मला कळलंच नाही. एवढ्या वर्षांच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, "पुरावा?"

सगळ्यांनी माना वळवून तुमच्या खुर्चीकडे बघितलं.

मी टेबलाला टेकले. वाद कुणी जिंकला हे मला आता ठरवता येत नाही. ते तुम्ही ठरवा, तुम्हाला वेळ आहे. परीक्षेत हा शब्द आला तर एकाचंही चुकणार नाही, एवढं मला दिसलं. ते दिसल्यावर बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

खाली चुलते थांबले होते. त्यांना सांगितलं, उद्या आठ वाजता पाठवा. ते 'बरं' म्हणाले आणि किक मारली.

मी थकलेय आणि थकलेलीच येणार आहे. ही बॅच होऊ दे. मागचा बाक मी पुसून ठेवलाय. बसतो म्हणाला होतात ना, सर? बसा.